हौसेचा हिशेब : ट्रॅकवरच्या एका मिनिटाला किती रुपये?

हौसेला मोल नसते, असे आपण सहज म्हणून जातो. लग्नातला बँड असो, गणपतीची आरास असो, नाहीतर शर्यतीच्या बैलांची जोडी असो. खर्चाचा विषय निघाला की कुणीतरी हे वाक्य टाकतो आणि चर्चा तिथेच संपते. गेली वीस वर्षे अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हे वाक्य कधीच पटलेले नाही. हौसेला मोल असते आणि ते पै-पैशापर्यंत मांडता येते. फक्त मांडायला कुणी बसत नाही, कारण आकडा दिसला की हौसेची मजा जाईल अशी भीती वाटते.

हा लेख अशाच एका हौसेबद्दल आहे. आपल्या बेळगाव-हुबळी पट्ट्यात ती तशी नवी, पण तरुण मुलांच्या तोंडी आता वरचेवर ऐकू येते. आपली मोटार घेऊन शर्यतीच्या ट्रॅकवर जायचे आणि ती मनसोक्त पळवायची. याचे दोन प्रकार आहेत. पहिला ‘ट्रॅक डे’. यात स्पर्धा नसते, फी भरून ठराविक वेळ बंद ट्रॅकवर गाडी चालवायची असते. दुसरा क्लब रेसिंग, म्हणजे परवाना काढून, नियमांच्या चौकटीत हौशी चालकांनी लावलेली खरी शर्यत.

माझी अक्का हुबळीच्या कन्नड घरात दिलेली. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, चोवीस वर्षांचा. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नोकरी करतो, हातात महिना ३२ हजार पगार येतो, राहायला आमच्याकडेच असतो. मला तो मराठीतही मावशी म्हणतो आणि कन्नडमध्येही मावशीच, आमच्याकडे हा शब्द दोन्ही भाषांत चालतो. त्याने घरात जाहीर केले की चेन्नईजवळच्या ट्रॅकवर दाजींची गाडी घेऊन जायचे आहे. गाडी तीन वर्षांची आणि तिच्यावर बँकेचे २ लाख ७० हजार रुपये अजून फिटायचे. दाजींनी एका शब्दात नाही म्हटले. मुलगा बोलायचा बंद झाला आणि रात्री साडेदहानंतर मित्रांबरोबर राष्ट्रीय महामार्गावर ‘एक चक्कर’ मारायला जाऊ लागला. अक्काचा फोन आला, ‘तुझे तो ऐकतो, तूच काहीतरी सांग.’

सांगण्याऐवजी मी त्याला एक फुलस्केप कागद दिला आणि म्हटले, चल, खर्च मांडू.

शर्यत आपल्याला नवी नाही

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. शर्यतीचे वेड हे काही परदेशातून आलेले खूळ नव्हे. सीमाभागातल्या कितीतरी घरांत बैलगाडी शर्यतीपायी जमिनी गहाण पडल्याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी आणली. पुढे तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी केलेल्या कायद्यातील दुरुस्त्या त्याच न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरवल्या. बंदीच्या काळात आणि नंतरही बैल सांभाळणाऱ्यांचा खुराकाचा खर्च काही थांबला नाही. तेव्हा वेड कुठे संपते आणि खर्च कुठे सुरू होतो, हे आपल्या लोकांना वेगळे शिकवायला नको.

मोटारींच्या शर्यतीचा आपल्या देशातला इतिहासही बराच जुना आहे. मद्रासजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातली जुनी धावपट्टी होती. १९५० च्या दशकापासून तिथे शर्यती होऊ लागल्या. पुढे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने इरुंगट्टुकोट्टै येथे स्वतःचा ट्रॅक उभारला, त्याची लांबी सुमारे ३.७ किलोमीटर. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे २००३ मध्ये सुरू झाला. हे नाव एस. करीवर्धन यांच्यावरून आले. मारुती ८०० चे इंजिन वापरून त्यांनी ‘फॉर्म्युला मारुती’ ही एका आसनाची स्वस्त शर्यतीची गाडी तयार केली होती. विमान अपघातात १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन याने सुरुवातीच्या काळात हीच फॉर्म्युला मारुती चालवली होती. करीवर्धन यांनी ओळखलेली गोष्ट साधी होती : सगळ्यांना सारखी आणि साधी गाडी दिली, तर पैशाची शर्यत मागे पडते आणि चालवण्याची शर्यत पुढे येते.

आपल्या जवळचे म्हणाल तर कोल्हापूर. तिथे कार्टिंगचा ट्रॅक उभा राहिला, राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटनमधल्या फॉर्म्युला थ्री मालिकेपर्यंत पोचला. म्हणजे हे आपल्या भागातल्या मुलांचे काम नाही, असे म्हणायची सोय राहिलेली नाही.

एका दिवसाचा कागद

आता आमचा कागद. आकडे भाच्याने दोन-चार ठिकाणी विचारून आणलेले आणि आम्ही गोळाबेरीज केलेले आहेत. गाडी, आयोजक आणि हंगाम यांप्रमाणे ते कमी-जास्त होतील, पण खर्चाचा घाट तोच राहील.

बेळगावहून त्या ट्रॅकपर्यंत आठशेहून अधिक किलोमीटर. जाऊन-येऊन १,६५० धरले. लिटरला पंधरा किलोमीटर आणि पेट्रोल शंभर रुपये धरले, तर ११,००० रुपये. टोल ३,०००. तो आणि मदतीला एक मित्र, दोन रात्रींचा मुक्काम ६,०००, जेवणखाण ३,०००. म्हणजे ट्रॅकच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायला २३,००० रुपये.

आता ट्रॅकवरचा खर्च. प्रवेश फी १२,०००. दिवसभरात वीस-वीस मिनिटांची चार सत्रे, म्हणजे एकूण ऐंशी मिनिटे. तेवढ्यात गाडी साधारण ११० किलोमीटर धावते, म्हणजे तीसेक फेऱ्या. ट्रॅकवर गाडी लिटरला पाच किलोमीटरच देते असे धरले, म्हणजे पेट्रोल २,२००. टायरचा संच २४,००० चा, तो असे चार दिवस टिकेल असे धरून दिवसाला ६,०००. ब्रेक पॅड ६,००० चे, दोन दिवस टिकतील, म्हणजे ३,०००. ब्रेक ऑइल १,५००. परत आल्यावर इंजिन ऑइल बदलणे ३,०००.

बेरीज झाली ५०,७०० रुपये. भाच्याने कॅल्क्युलेटर घेतला आणि भागाकार केला. मिनिटाला ६३४ रुपये. एका फेरीला जवळजवळ १,७००. त्याच्या दीड महिन्याच्या पगाराहून जास्त रक्कम ऐंशी मिनिटांत संपणार होती.

यात एक गोष्ट मुद्दाम पाहण्यासारखी आहे. एकूण खर्चापैकी ४५ टक्के खर्च नुसता तिथपर्यंत पोचण्याचा आहे. चेन्नईच्या मुलाला हा खर्च नाही. सीमाभागात राहण्याची किंमत आपण अनेक बाबतीत मोजतो, त्यातलीच ही एक. हेच चौघे मित्र मिळून गेले आणि प्रत्येकाने आपला वाटा उचलला, तर प्रवास-मुक्कामाचे त्याच्या वाट्याला साधारण ८,००० येतात आणि दिवसाचा खर्च ३५,७०० वर येतो. म्हणून या हौसेत काटकसर करायची तर आधी प्रवासात करावी. पोरे मात्र ब्रेक आणि टायरमध्ये करायला जातात.

ब्रेक का जळतात?

‘रोजचे ब्रेक चालतात की, तिथे वेगळे कशाला?’ असे अक्काने विचारले. प्रश्न रास्त आहे. गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्यातली ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. एक हजार किलोची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात असेल, तर ती थांबवताना ब्रेकमध्ये सुमारे २०० किलोज्यूल उष्णता तयार होते. ताशी १४४ ला तीच ८०० किलोज्यूल. दोन लिटरहून अधिक थंड पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ही होते. घाटात आपण एकदा जोरात ब्रेक मारतो आणि पुढे ब्रेकला गार व्हायला वेळ मिळतो. ट्रॅकवर प्रत्येक फेरीत पाच-सहा वेळा जोराचे ब्रेक आणि गार व्हायला सवडच नाही.

ब्रेक ऑइलचे आणखी एक दुखणे आहे. ते हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. बेळगावचा पावसाळा आपल्याला माहीत आहे. इथे दोन पावसाळे काढलेले ऑइल घेऊन कुणी ट्रॅकवर गेला, तर ते उकळून त्यात वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते. ते दीड हजार रुपये वाचवण्याची जागा ही नव्हे.

जीव वाचवणारी खरेदी

ट्रॅक डेला बहुतेक ठिकाणी हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि बंद बूट एवढ्यावर भागते. शर्यतीत उतरायचे तर चित्र बदलते. एफएमएससीआय, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, या संस्थेचा परवाना लागतो, वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि अंगावरचे साहित्य मान्यताप्राप्त लागते. आमच्या कागदावर हेल्मेट ३५,०००, आग न धरणारा सूट ३५,०००, हातमोजे आणि बूट १८,०००, आतले अग्निरोधक कपडे १२,००० आणि मानेचे ‘हॅन्स’ उपकरण ३०,०००. एकूण १ लाख ३० हजार.

हे हॅन्स काय आहे, ते सांगायला हवे. खांद्यावर बसणारी ही एक कमानीसारखी पट्टी असते आणि हेल्मेट तिला दोन्ही बाजूंनी बांधलेले असते. गाडी आदळली की पट्ट्यांनी बांधलेले धड जागेवर राहते, पण डोके पुढे फेकले जाते. त्या झटक्याने कवटीचा तळ मोडू शकतो. हॅन्स ते डोके धरून ठेवते. अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी १९८० च्या दशकात ते तयार केले, शर्यतपटू असलेले त्यांचे मेहुणे जिम डाउनिंग त्यांच्या सोबत होते. अनेक वर्षे चालक ते वापरायला नाखूश होते. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० शर्यतीच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट हा नामांकित चालक कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाने गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅस्कारने डोके-मानेचे संरक्षण सक्तीचे केले, फॉर्म्युला वनमध्ये ते २००३ पासून सक्तीचे झाले.

या साहित्याला आयुष्य असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शर्यतीच्या सीटबेल्टची मुदत साधारण पाच वर्षांची असते. हेल्मेटची मानकेही दर पाचेक वर्षांनी नवी येतात आणि जुनी कालांतराने बाद होतात. म्हणजे १ लाख ३० हजार पाच वर्षांत वाटले, तर वर्षाला २६,००० रुपये नुसती झीज. कपाटात ठेवलेत तरी मुदत संपणारच. सेकंडहँड घेताना म्हणूनच आधी मुदत पाहावी. एकदा आपटलेले हेल्मेट तर फुकट मिळाले तरी घेऊ नये.

अमेरिकेत २००६ पासून ‘ट्वेंटीफोर अवर्स ऑफ लेमन्स’ नावाच्या गमतीदार शर्यती होतात. पाचशे डॉलरची भंगारातली गाडी आणायची, हा त्यांचा नियम. पण त्या पाचशेमध्ये सुरक्षेचा खर्च धरलेला नाही. गाडी कितीही मोडकी चालेल, सुरक्षेच्या साहित्यात मात्र तडजोड नाही. जगातल्या सर्वांत स्वस्त शर्यतवाल्यांनाही हे कळलेले आहे.

विमा कुठे थांबतो?

आमच्या कागदावरचा सर्वांत मोठा आकडा मात्र खर्चाच्या यादीत नव्हताच. दाजींचा समज असा होता की गाडीचा ‘फुल इन्शुरन्स’ आहे, तेव्हा फार तर नो क्लेम बोनस जाईल. मी पॉलिसी मागवली आणि ‘वापराच्या मर्यादा’ हे सदर त्यांना वाचून दाखवले. खासगी मोटारीच्या पॉलिसीत भाड्याने देणे आणि मालवाहतूक यांच्याबरोबर संघटित शर्यत, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल असे वापर स्पष्टपणे वगळलेले असतात. ‘ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे’ हा युक्तिवाद करता येईल, पण तो करायची वेळ येईल तेव्हा गाडी मोडलेली असेल. शिवाय ट्रॅकवर जाताना जबाबदारी आपली असल्याच्या कागदावर सही करावी लागते, ते वेगळेच.

याचा अर्थ काय? गाडी भिंतीला लागली, तर २ लाख ७० हजारांचे कर्ज तसेच राहणार आणि गाडी नसणार. हप्ता दाजींच्या खात्यातून जात राहणार. आरोग्य विम्यातही धोक्याच्या खेळांचे कलम असते आणि मोटार शर्यतीचा त्यात नावानिशी उल्लेख असतो. ते व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांना उद्देशून आहे. हौशी माणसाने आपल्या विमा कंपनीला लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे, हे बरे.

जाणकार चालक एक नियम सांगतात : जी गाडी पूर्णपणे गमावणे परवडणार नाही, ती ट्रॅकवर नेऊ नये. आपल्याकडे मराठीत अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, कन्नडमध्ये ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’. दोन्ही भाषांत अंथरूण आपलेच असावे हे गृहीत धरलेले आहे, वडिलांचे नव्हे!

फुकट वाटणारी शर्यत

इतके आकडे पाहून भाचा म्हणाला, ‘मावशी, मग रस्ताच बरा, तिथे फी नाही.’ तो चेष्टेत म्हणाला, पण पुष्कळ मुले गंभीरपणे असाच विचार करतात. म्हणून रस्त्याचाही कागद मांडला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चालवणारा अल्पवयीन असेल, तर कलम १९९ अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, ते आपण सगळ्यांनी वाचले.

ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, समोरून उसाची ट्रॉली येत नाही, वळणावर झेंडा घेतलेले मार्शल असतात, रुग्णवाहिका उभी असते. मिनिटाचे ६३४ रुपये आपण या गोष्टींसाठीही देतो. रस्त्यावर हे पैसे वाचतात, पण धोका मात्र टू व्हीलरवरून घरी चाललेल्या एखाद्या अनोळखी माणसावर टाकला जातो. त्याला कुणी विचारलेले नसते.

परवडणाऱ्या वाटा

खर्च मांडला म्हणून हौस मारावी लागते असे नाही. तिला वाट दाखवता येते.

सर्वांत स्वस्त वाट मार्शल होण्याची. क्लबच्या शर्यतींना प्रशिक्षित स्वयंसेवक लागतातच. गाडी न चालवता शर्यत सर्वांत जवळून पाहायला मिळते आणि अपघात कशाने होतात ते डोळ्यांनी कळते. दुसरी वाट कार्टिंगची. तिसरी, मूल अजून इंजिनिअरिंगला असेल तर कॉलेजच्या संघाची. पिथमपूरला २००७ पासून सुरू झालेली बाहा, कोइमतूरची फॉर्म्युला भारत अशा स्पर्धांसाठी विद्यार्थी स्वतः गाडी बांधतात. खर्च प्रायोजक आणि कॉलेज यांच्यात वाटला जातो आणि शिकलेले नोकरीत उपयोगी पडते. चौथी वाट प्रशिक्षण शाळेची. गाडी, टायर, पेट्रोल त्यांचे, आपण फी भरायची. मोडतोड झाली तर आपल्या वाट्याला किती येते, ते मात्र आधी लेखी विचारावे.

आमच्या घरात शेवटी तीन गोष्टी ठरल्या. वर्षाच्या हातात येणाऱ्या पगाराच्या दहा टक्क्यांवर एक पैसा नाही, म्हणजे ३८,४०० रुपये. त्यासाठी कर्ज नाही. आणि घरची गाडी ट्रॅकवर नाही. भाच्याने पहिल्या वर्षी प्रशिक्षण शाळा निवडली. रेल्वेने गेला, दोन दिवस शिकून आला आणि सगळे मर्यादेत बसवले. आल्यावर सांगत होता की पहिला तास नुसते सीटवर बसायचे कसे आणि नजर कुठे ठेवायची यातच गेला. महामार्गावरच्या चकरा पूर्ण थांबल्या असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण आता निघताना कुठे जातो ते सांगून जातो आणि गेल्या महिन्यात दाजींच्या गाडीचे ब्रेक ऑइल त्याने स्वतः बदलून दिले.

दाजींच्या आईंनी हे सगळे ऐकून विचारले होते, ‘अदरिंद एन सिगतैति?’ त्यातून मिळते काय? पैशाच्या भाषेत उत्तर सोपे आहे : काही नाही. हौशी शर्यतीत बक्षिसाने खर्च निघत नाही, तो निघेल असे सांगणाऱ्यापासून सावध राहावे. मिळतात ती ऐंशी मिनिटे. ती पन्नास हजारांची आहेत का, हे ज्याने कमावले त्याने ठरवावे. घरच्या मोठ्यांनी एवढेच पाहावे की ठरवण्यापूर्वी त्याच्यासमोर पूर्ण बेरीज आहे, विम्याचे कलम वाचलेले आहे आणि गाडी त्याची स्वतःची आहे. वाचकहो, तुमच्या घरात असा विषय निघाला तर लगेच ‘नाही’ म्हणू नका, लगेच ‘हो’ही म्हणू नका. एक कागद आणि पेन द्या आणि शेजारी बसा.